कोयनेची काठी

कोयनेला लोक धरण बघायला जातात. आमच्या गावचे मास्तर मुलांची सहल घेऊन गेले होते, ते परत आल्यावर महिनाभर धरणाच्या भिंतीचंच सांगत होते. मी कोयनेला गेलो तो एक बांबू आणायला. गावात आता या प्रवासाच्या नाना हकिकती सांगतात. त्यातल्या निम्म्या तर मी नसताना घडलेल्या आहेत. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. पटलं तर वाचा, नाहीतर सरपंच आप्पांकडं जाऊन ऐका.

आधी बांबू कशाला, ते सांगतो.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. पूल नाही. नदी उतरायची ती नावेनं. नाव सुटते त्या जागेला आम्ही ‘तर’ म्हणतो, आणि ही तर पहिल्यापासून आमच्या घराकडं. माझे वडील, दादा, जन्मभर तिथं उभे राहिले. नाव रुंद, बुडाला सपाट. तिच्यात वल्हं असतं, पण ते नुसतं नावाला. ती चालते काठीवर. काठी म्हणजे घराच्या आढ्याला टेकेल एवढा लांब बांबू, खालच्या टोकाला लोखंडाची टोपी, तिला शेंबी म्हणतात. नावेच्या पुढच्या अंगाला उभं राहून काठी तळाला रोवायची, वरच्या टोकाला खांदा लावायचा आणि कडेकडेनं मागं चालत यायचं. माणूस मागं चालतो, नाव पुढं जाते. मागं पोचलं की काठी उपसायची आणि परत पुढं जायचं.

हे चालणं माझ्याच्यानं होत नाही. एकाहत्तरच्या लढाईत गोळ्याचा तुकडा उजव्या गुडघ्यात गेला. गुडघा राहिला, वाकायचा बंद झाला. पलटणीनं घरी पाठवलं. दादा तोवर गेले होते, तरीचं काम चुलते सांभाळत होते. ते थकले आणि काठी माझ्या हातात आली.

आणि मग उन्हाळ्यात ते झालं. बाजारचा दिवस, नाव भरलेली. पलीकडच्या काठाला गाळ आहे, त्यात काठी रुतली. अशा वेळी काय करायचं ते तरीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काठी सोडायची, नाव धरायची. मी काठी सोडली नाही. नाव पायाखालून गेली आणि मी भर नदीत त्या बांबूला लटकलो. बांबू हळूहळू वाकत गेला, मी हळूहळू पाण्यात गेलो, आणि दोन्ही काठांवरचा बाजार हसून हसून लोळला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, वाळत घातलेला फौजी.

सगळे म्हणाले, पायामुळं पडला. अरे, पायामुळं नाही! पाय जागच्या जागी होता. पडलो तो हातामुळं. पलटणीत पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात, मेलास तरी रायफल सोडायची नाही. हाताला तेच वळण लागलेलं. पण हे ऐकतो कोण? एकट्या आईनं तेवढं विचारलं होतं, "सोडली का न्हाईस रं काठी?"

पाऊस सरला आणि सरपंच आप्पा घरी आले. दसऱ्याला आमच्या देवीची पालखी नदी उतरून तिच्या बहिणीला भेटायला जाते. ज्याच्या नावेतनं पालखी कोरडी उतरते, वर्षभर तर त्याची, अशी गावची रीत. आप्पा म्हणाले, "दौलत, औंदा पालखी काहिलीतनं न्यावी म्हनतो. देवीचा मामला हाय गड्या. तुज्या पायाचा काय भरवसा?"

काहील म्हणजे गुऱ्हाळावरची गूळ आटवायची लोखंडी कढई. नाव नसली की आमच्याकडं लोक तिच्यात बसून नदी उतरतात. पलीकडच्या गावात एकाकडं आहे, तो मधूनमधून आमच्या तरीवर डोळा ठेवून असतो. माझं डोकं असं फिरलं म्हणता!

"आप्पा, देवी काय गुळाची ढेप हाय व्हय, काहिलीत घालायला?"

आप्पा म्हणाले, "मग तू नेऊन दाव." आणि चहा अर्धा ठेवून उठले.

दाखवतोच, म्हटलं. रात्रंदिवस डोक्यात तेच. चालता येत नाही, तर एका जागी उभं राहून नाव का हाकता येऊ नये? मागच्या टोकाला पाय रोवून उभं राहायचं, काठी सोडायची तळाला आणि दोरावर चढावं तसं हातावर हात टाकत रेटायचं. पण आमच्याकडचा बांबू जाड, आतनं पोकळ आणि वजनाला भारी. माझ्या कामाला बारीक, लांब, भरीव बांबू हवा. तसला कोयनेच्या डोंगरात होतो, त्याला तिकडं मेस म्हणतात, एवढं माझ्याबरोबरच्या एका पाटणच्या शिपायानं पूर्वी सांगितलेलं. मी लगेच पिशवी भरली.

आईनं दारातच अडवलं. "पितर चाललेत. ह्या पंधरवड्यात नवं काय आनायचं न्हाई घरात." लढाईत तोफेपुढं उभं राहता येतं, आईपुढं नाही. पितृपंधरवडा सरेपर्यंत थांबलो, मग घट बसले, मग चुलत्यांना ताप आला. शेवटी सातव्या माळेला निघालो. या थांबण्यानं पुढं माझी कशी फजिती झाली ते येईलच.

कराड

कराडला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात संगमावर जाऊन बसलो. इथं कृष्णा आणि कोयना तोंडाला तोंड लावून भिडतात आणि दोघी मिळून बाजूला वळतात. आमच्या दारातनं जातं त्यातलं निम्मं पाणी कोयनेचं, हे शाळेत पाठ केलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं. काठावर एक म्हातारा नाव डांबरत होता. त्याला माझा बेत सांगितला. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि "बरं" म्हणून परत डांबराचं डबडं हलवायला लागला. त्या "बरं"चा मला आप्पांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. कांदाभजी खाल्ली, ती मात्र झकास होती.

कोयनानगर

घाटातल्या वळणांनी पोटातली भजी वर येऊ लागली तेव्हा कोयनानगर आलं. प्रकल्पाची वसाहत, एका मापाची घरं, आणि हवा अशी गार की मला ड्युटीवरची पहाट आठवली. मुक्काम एका ओळखीच्या शिपायाच्या घरी केला आणि सकाळी वरच्या अंगाच्या वाडीत गेलो. बांबू म्हटल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, शेवंताबाईचं.

शेवंताबाई साठीच्या पुढची, काटक, तोंडानं फटकळ. घरामागं बांबूचं मोठं बेट. मला बघून म्हणाली, "लंगडत आलायस, आदी बस." भाकरी वाढली. आमच्याकडं ज्वारीची पांढरी, हिच्याकडं नाचणीची काळपट, वर कुळथाचं कालवण. पहिला घास जरा जड गेला, मग तीन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही.

जेवताना एक नवल दिसलं. घरात फळी म्हणून नव्हती. आमच्या घरी पितळेची भांडी ओळीनं फळीवर चढवतात, पाहुण्यांना दिसावीत म्हणून. इथं सगळी जमिनीवर, भिंतीला टेकून. देवाची तसबीरसुद्धा तारेनं खिळ्याला आवळलेली. विचारणार, तेवढ्यात खालनं घरघर आली, जसा मालट्रक दारातनं जावा. ताटातलं कालवण हललं. मी ताडकन उठलो आणि घराचा मधला खांब दोन्ही हातांनी कवटाळला.

"सोड त्याला!" शेवंताबाई ओरडली. "आरं, खांब धरत्यात व्हय? आदी त्योच पडतोय! सोड, सोड नि बाहीर हो!"

मी सोडला नाही. घरघर थांबली, मी खांबाला मिठी मारून उभा, आणि ती जागची हलली नव्हती.

"मावशी, तुमी का न्हाई बाहेर गेलासा?"

"भूकंप हितं रोजचा हाय, लहानसाच व्हता. तू सोडतूस का बगत बसले व्हते. न्हाईच सोडलास मर्दा." आणि हसली. हसू दे. खांब सोडून हात धुतले.

मग बांबूचं काढलं. बेटातला एक बांबू मी कधीच हेरून ठेवला होता, सरळसोट, बारीक, पेरं लांब. शेवंताबाईनं मान हलवली.

"आता न्हाई मिळायचा. चांदणं हाय."

"म्हंजे?"

"चांदण्या पाखात बांबू तोडत न्हाईत. रस चढल्याला असतोय, कीड लागती. अंधाऱ्या पाखात तोडायचा. तू मागल्या पंधरवड्यात का न्हाई आलास?"

"मागल्या पंधरवड्यात पितर होते! नवं काही आणत न्हाईत आमच्यात."

"आमच्यात त्याच पंधरवड्यात तोडत्यात."

घ्या! आमच्या पितरांनी घरी बसवलं आणि हिच्या चांदण्यानं दारात अडवलं. मी तावातावानं बोललो. कीड लागली तर लागू दे, वर्षानं लागेल, मला दसऱ्याला हवाय. ती म्हणाली, "बांबू तुला दिला तरी नाव माजं. किडका बांबू दिला म्हनून तुजं गाव मला शिव्या घालंल." मी म्हटलं, माझं गाव मलाच शिव्या घालतंय, तुमच्यापर्यंत पाळी येणार नाही. तरी नाही. मग मी ओसरीवर बसकण मारली. म्हटलं, पायानं अधू आहे, जबरदस्तीनं उठवून दाखवा.

बसल्या बसल्या वर नजर गेली. ओसरीच्या आढ्याला एक बांबू आडवा टांगलेला. असा सरळ की डोळा एका टोकाला लावला तर दुसरं टोक दिसावं. धुरानं पिवळा तांबूस झालेला.

"तो?"

"त्यो देवाचा. चैतात जत्रंला देवापुढं नाचवायची सासनकाठी करायची हाय. अवसंला तोडून ठेवलाय."

"चैत्राला किती अमावस्या आहेत अजून मावशी! तेवढ्यात तुमाला दुसरा तोडता येईल. आणि माझी काठी तरी कुणाची? देवीचीच. तुमचा देव काठीबरोबर नाचतो, आमची देवी काठीवर नदी उतरती."

ती माझ्या पायाकडं बोट करून म्हणाली, "ह्या पायानं तू न्हेणार?"

"पायानं न्हाई. हातानं."

तिनं खालच्या पाण्याकडं तोंड फिरवलं. धरणाचं पाणी डोंगराच्या पायथ्याशी लांबवर पसरलं होतं. म्हणाली, "आमचं जुनं घर त्या तितं हाय, पान्याखाली. सगळी म्हनाली, म्हातारी मैदानी मुलखात जा, तितं जमीन दिल्याय. मी म्हनलं, न्हाई जात. वर सरकंन पन जायाची न्हाई." मग आढ्याची दोरी सोडायला लागली. "न्हे. पालखी पोचली तर माज्या नावानं नारळ फोड. न्हाई पोचली तर काठी परत आनून टाक. मला लबाडी चालायची न्हाई."

"पण पोचली हे तुमाला कळणार कसं?"

"काठी परत आली न्हाई की कळंल. माजं पानी तुज्याकडं जातंय, तुजं काय माज्याकडं येतंय व्हय?"

परतीची वाट

बांबू मिळाला, पण तो नेणार कसा? कंडक्टरनं बांबू बघितला आणि दोन्ही हात जोडले. टपावर चढवला तर घाटाच्या पहिल्याच वळणावर डोंगराला घासून मोडेल. मी बांबू खांद्यावर घेऊन रस्त्याकडेला उभा राहिलो. मोटारी जवळ येत, बांबू बघत आणि लांबनं जात.

थांबला तो पाण्याचा टँकर. रिकामा. ड्रायव्हर जतचा, बसाप्पा नावाचा. मेव्हणा वसाहतीत फिटर, त्याच्याकडून गाडी दुरुस्त करून परत चाललेला. काळा, गलेलठ्ठ, कपाळाला विभूती. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी.

"काय ओ, येवडा बांबू कुटं? मांडव घालताय काय?"

"नावेची काठी आहे."

"नाव म्हंजे?"

"नाव! नदीतली. तिच्यात बसून नदी उतरतात."

बसाप्पानं इंजिन बंद केलं. "यप्पा! पान्यावर बसून जायचं?" त्यानं टँकरच्या पोटावर थाप मारली. "आमच्यात पानी येतंय ते ह्याच्यात बसून. पान्यात मानूस बसतोय हे आज ऐकलो."

त्यानं बांबू टँकरच्या पाठीवर लांबोळा बांधून दिला आणि केबिनमध्ये मलाच जपून बसायला सांगितलं. घाट उतरताना जतचं सांगत होता. पाऊस नाही, मेंढरं पाण्यासाठी ओढ्यातली वाळू हुंगत फिरतात, टँकर दिसला की बायका घागरी घेऊन गाडीआधी पळत सुटतात. ह्यानं जन्मात भरलेली नदी पुलावरनं सोडून कुठनं बघितली नव्हती. मी त्याला आमचा पूर सांगितला. त्याला वाटलं मी थापा मारतोय.

इस्लामपूरला सूर्य कलताना पोचलो. काठीला शेंबी लागणार होती. लोहाराचं दुकान शोधलं, तर तो भट्टी विझवून हात पुसत बसला होता.

"आता न्हाई. उद्या खंडेनवमी, हत्यारं पुजायची. ऐरणीला हात न्हाई लावणार, दसरा झाल्यावर या."

मी म्हटलं, "उद्या ही काठी पण पुजायचीय. उघड्या टोकाची कशी पुजू?" बसाप्पानं कानडीत काहीतरी जोरात सांगितलं, ते लोहारालाही कळलं नाही आणि मलाही, पण भट्टी पेटली. मी त्याला सांगितलं, नुसती टोपी नको, पुढं बेचकं काढ, दोन बोटं उघडल्यासारखं. गाळात रुतायचं नाही. लोहार म्हणाला, "हे काय, काठी का गोफन?" पण केलं. घाईघाईत केलं, बेचकं मला हवं होतं त्यापेक्षा जरा उघडं राहिलं. ते मला दिसलं होतं. पण नवव्या माळेच्या आत घर गाठायचं होतं, म्हणून तसंच घेतलं.

घरी आईनं काठीला हळदकुंकू लावलं, बंदुका पुजतात तसं. बसाप्पाला म्हटलं, आता दसऱ्याला घरी जा. तो म्हणाला, "घरी अंघोळीला पानी न्हाई, दसरा कुटला? नाव बगूनच जातो."

नदी

दसऱ्याच्या दुपारी अवघं गाव घाटावर. पालखी सजलेली, ताशा चाललेला. आणि पाण्याच्या कडेला धुऊन पुसून, हार घालून ठेवलेली काहील! मी नाव घेऊन आलो तर ताशा थांबला. मागनं कुणीतरी म्हणालं, "फौजी आला रं, दोरी आना वाळत घालायला." हसण्याची लाट गेली.

आप्पा पुढं आले. "दौलत, हट्ट करू नगंस."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "उन्हाळ्यात पडलो ते पायामुळं न्हाई, हातामुळं पडलो! ज्याला पटत न्हाई त्यानं काहिलीत बसावं. गुळाबरोबर!"

कुणी हललं नाही. पालखीचे भोई एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतनं बसाप्पा आला, चपला काढल्या, पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि नावेत चढला. नाव एका अंगाला कलली. तो मधोमध बसला आणि दोन्ही कडा घट्ट धरल्या. डोळे गच्च मिटले. "चला!" म्हणाला.

जतचा माणूस, ज्यानं नदी नुसती पुलावरनं बघितली, तो बसला आणि नदीकाठचे उभे! ते भोयांना लागलं. पालखी चढली, मागनं गुरव चढला, आणि शेवटी आप्पा. ते माझ्यावर विश्वास म्हणून नाही बरं का. उद्या काही झालं तर जवळनं बघितलंय असं सांगायला.

मी मागच्या टोकाला उभा राहिलो. डावा पाय पुढं, उजवा मागच्या फळीला टेकवून. आणि गंमत सांगतो, तो न वाकणारा पाय तिथं असा बसला, जसा जमिनीत गाडलेला खुंटा. इतके दिवस ज्याला सगळे नावं ठेवत होते, त्याच्या जिवावर मी उभा होतो. काठी सोडली, तळाला लागली, हातावर हात टाकत रेटली. नाव निघाली. बांबू हलका, हातात फिरायला सोपा, उपसताना पाणी धरत नव्हता. आमच्या बाजूला वाळू, मध्ये गोटे, सगळीकडं बेचकं चोख लागत होतं. घाटावरचा गलका मागं पडला. गुरव म्हणाला, "च्यायला, ह्यो चालत न्हाई तरी नाव चालतीया की!" बसाप्पानं एक डोळा उघडला, पाणी बघितलं आणि परत मिटला.

पलीकडचा काठ जवळ आला. गाळ लागायच्या आधी तिथं खडकाची एक पट्टी आहे. काठी तळाला गेली, मी जोर दिला आणि उपसायला गेलो. हलेना! गाळात रुतू नये म्हणून केलेलं बेचकं खडकाच्या फटीत बसलं होतं, ते जरा जास्त उघडं राहिलेलं बेचकं. नाव पुढं सरकत होती. काठी मागं राहत होती. आणि मी काठीला धरून.

हात चिकटले. पुन्हा तेच! डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. खुंटा झालेला पाय फळीवरनं सरकला. पालखी कलली, आप्पांनी देवी सोडून बसाप्पाला मिठी मारली, बसाप्पा "यव्वा! यव्वा!" करायला लागला. काल हळदकुंकू लावलेली काठी, डोंगरातनं मागून आणलेली, घाटातनं, भट्टीतनं आणलेली. ती सोडू? आणि आतनं एकदम तो फटकळ आवाज आला. आरं, खांब धरत्यात व्हय? आदी त्योच पडतोय!

सोडली.

दोन्ही हात उघडले आणि नावेत धपकन बसलो. नाव प्रवाहाबरोबर खाली चालली. नावेच्या बुडातनं वल्हं ओढून काढलं. वल्ह्याला पाय लागत नाहीत, वाकणारे नाहीत आणि न वाकणारेही नाहीत. बसल्या बसल्या मारत सुटलो. घाट काही गाठता आला नाही. नाव खाली जाऊन थेट उसाच्या फडाला लागली.

पालखी उसातनं बाहेर काढावी लागली. देवीच्या डोक्यावर पाचोळा, आप्पांची एक चप्पल चिखलात गेली. आप्पा घामाघूम होऊन म्हणाले, "घाट कुटं, नि लावलीस कुटं! आनि काठी?"

"काठी तितं हाय." मी नदीकडं बोट केलं. "नाव हितं हाय."

आप्पांनी गुरवाकडं बघितलं. गुरवानं पालखीच्या झुलीवरनं हात फिरवला, खालनं, वरनं, चारी बाजूंनी. "कोरडी हाय," म्हणाला. बहिणी भेटल्या. मी एक नारळ देवीपुढं फोडला, दुसरा कोयनेच्या अंगाला तोंड करून शेवंताबाईच्या नावानं. गावकरी सोनं लुटायला लागले तेव्हा आप्पा एका चपलेनं माझ्याकडं आले आणि आपट्याची पानं हातावर ठेवली. "घे सोनं. तर तुजी. पन त्या बेचक्याचं काय तरी बग गड्या." ते मात्र त्यांचं खरं होतं. पुढच्याच आठवड्यात मी ते ठोकून आवळून घेतलं.

त्या दिवशी परतताना वरच्या अंगानं वल्हवत काठीजवळ आलो. भर पाण्यात एकटी उभी, थरथरत. ओढली नाही, जरा पिळली, सरळ वर उचलली आणि सुटली. मग उभा राहून, तिच्याच जोरावर घाटाला नाव लावली. घाटावर निम्मं गाव माझी वाट बघत होतं. बायका सांगायला लागल्या, "आवं, मधीच नुसती काठी दिसली! वर कुनीच न्हाई! आमी तर बोंबच मारली." आई त्यांच्यात नव्हती. ती काठी दिसल्यावर उठून घरी गेली, एवढंच कळलं. मी लंगडत घराकडं सुटलो.

घरी पोचलो तर ती चुलीपुढं, पुरणाच्या पोळ्या लाटत होती. काठी दाराला उभी केली. म्हटलं, "आई, काठी एकटी दिसली तवा भ्याली न्हाईस?"

ती मागं न बघता म्हणाली, "कशाला भिऊ? काठीवर तू न्हवतास. म्हंजे नावंत असशील." पोळी तव्यावर टाकली. "पाय धू. नि त्या बसाप्पाला हाक मार, गार व्हतंय सगळं."